पोरगं मनाला लावून घेतं याचं कौतुक आता थांबवा

निकाल लागले की आठवड्याभरात आमच्या नाशिकमध्ये कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नर, अशोक स्तंभ, इकडे सिडकोत त्रिमूर्ती चौकापर्यंत सगळीकडे फ्लेक्स लागतात, पोरापोरींचे फोटो आणि फोटोखाली टक्के, तेही पॉइंटनंतरच्या दोन आकड्यांसकट. बोर्डाने गुणवत्ता यादी बंद करून कितीतरी वर्षं झाली, पण ती बोर्डाच्या कागदावरून गेली आणि रस्त्यावर आली एवढंच. २०२५ च्या दहावीत राज्यात २११ जणांना पूर्ण १०० टक्के पडले. त्यात कला-क्रीडेचे वाढीव मार्क असतात हे फ्लेक्सवर लिहिलेलं नसतं, आणि मग ज्या घरात ९४ आलेत त्या घरात पेढे वाटायचे की नाही यावर विचार सुरू होतो. ९४ टक्के म्हणजे खरंतर केवढे मार्क आहेत ते!

पण मला फ्लेक्सपेक्षा त्याच्याबरोबर येणाऱ्या एका वाक्याबद्दल बोलायचंय. सोसायटीत, लग्नात, पालक मीटिंगला, कुठेही ऐकू येतं, "आमची ना फार सिन्सिअर आहे हो, एक मार्क गेला तरी रात्र-रात्र झोपत नाही." हे अभिमानाने सांगितलं जातं, समोरचाही मान हलवतो, आणि ती मुलगी शेजारी उभी राहून हे सगळं ऐकत असते. एका मार्कासाठी रात्रभर न झोपणं ही चांगली गोष्ट आहे हे तिला तिथे पक्कं कळतं.

माझं म्हणणं सरळ आहे. या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत, एक म्हणजे काम चांगलं करायची हौस आणि दुसरी म्हणजे झालेली चूक सोडून देता न येणं, डोक्यात तीच ती फिरवत राहणं. पहिली ठेवायची आहे. दुसरी मात्र डिप्रेशनकडे जाणारा नीट अभ्यासलेला रस्ता आहे, आणि आपण घर, क्लास, शाळा असे तिघे मिळून तिलाच खतपाणी घालतोय.

आधी परफेक्शनिझमचं, म्हणजे सगळं बिनचूकच हवं या अट्टाहासाचं बघू, कारण हा शब्द आता इंटरव्ह्यूमध्ये स्वतःचा गुण म्हणून सांगायची पद्धत पडलीये. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये याचे तीन प्रकार मांडले. एक, मी स्वतःकडून परफेक्टची अपेक्षा करतो. दोन, मी दुसऱ्यांकडून करतो. आणि तिसरा म्हणजे सगळ्यांना माझ्याकडून परफेक्टच हवंय, त्यात कमी पडलो तर त्यांच्या नजरेतून उतरणार, असं मला वाटत राहतं. हा तिसरा सगळ्यात वाईट. आपल्याकडे 'चार लोक काय म्हणतील' म्हणतात त्यातले ते चार लोक आता व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर चोवीस तास असतात, निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता साइट उघडायच्या आत मावशीचा मेसेज येऊन पडतो, "काय गं, किती पडले?"

टॉमस करन आणि अँड्र्यू हिल या दोन संशोधकांनी १९८९ ते २०१६ या काळातला अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१,६४१ कॉलेजच्या मुलांचा डेटा एकत्र करून बघितला. तिन्ही प्रकार वाढलेले होते, पण स्वतःकडून अपेक्षा ठेवायचा प्रकार साधारण १० टक्क्यांनी वाढला आणि लोकांच्या अपेक्षेचं ओझं ३३ टक्क्यांनी. हे आकडे तिकडचे आहेत, नाशिकचे म्हणून मी ते सांगणार नाही. पण ज्या गोष्टींकडे ते दोघं बोट दाखवतात, म्हणजे प्रत्येक ठिकाणी रँक, सतत तुलना, आणि भविष्याच्या भीतीने घाबरलेले आईबाप, त्यातली कुठली गोष्ट आपल्या गंगापूर रोडला कमी आहे ते सांगा.

इथे लोक लगेच विचारतात, मग काय मुलांनी मोठं ध्येय ठेवायचंच नाही का, सगळ्यांनी पासापुरता अभ्यास करायचा का. बरोबर प्रश्न आहे आणि याचं उत्तर टाळून चालणार नाही. संशोधकांमध्येही हा वाद आहे, काही म्हणतात की परफेक्शनिझमचा एक चांगला भाग असतो, उंच स्टँडर्ड, शिस्त, नीटनेटकेपणा, आणि एक वाईट भाग असतो, चुकीची धास्ती, स्वतःवर शंका, टीकेची भीती. रँडी फ्रॉस्टने १९९० मध्ये जी प्रश्नावली बनवली त्यात हे वेगवेगळे मोजलेत, आणि त्यात आईवडिलांच्या अपेक्षा आणि आईवडिलांची टीका असे दोन वेगळे विभागच आहेत. २०१७ मध्ये २८४ अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात दोन्ही भागांचा मानसिक आजारांशी संबंध दिसला, धास्तीवाल्या भागाचा जास्त. म्हणून मला 'हेल्दी परफेक्शनिझम' हा शब्दप्रयोग फसवा वाटतो. उंच ध्येय ठेवणाऱ्या दोन मुली परीक्षेच्या आदल्या दिवशी अगदी सारख्या दिसतात, दोघी सारखाच अभ्यास करतात, फरक कळतो तो पेपर खराब गेल्याच्या संध्याकाळी. एक रडते, चिडते, जेवते, झोपते. दुसरीच्या मनात हिशोब सुरू होतो की आपली लायकीच नाही. रोझ शफ्रान आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये नेमकं हेच मांडलं, की आपली स्वतःची किंमतच जेव्हा कामगिरीवर टांगलेली असते तेव्हा परफेक्शनिझम आजाराचा भाग होतो. आणि किंमत तिथे कोणी टांगली? मार्क चांगले आले की घरात वेगळा आवाज आणि कमी आले की वेगळा, हे पोरांना चौथीपासून कळतं.

आता दुसरी गोष्ट, तेच तेच उगाळत बसणं. पोरं याला ओव्हरथिंकिंग म्हणतात, पुस्तकात रुमिनेशन म्हणतात. यावर सुझन नोलन-होक्सिमा या बाईंनी आयुष्यभर काम केलं, २०१३ मध्ये त्या गेल्या. त्यांचा एक अभ्यास तर योगायोगाने जमून आला. स्टॅनफर्डच्या १३७ विद्यार्थ्यांकडून त्यांनी प्रश्नावली भरून घेतली होती, मूड कसा आहे, वाईट वाटलं की तुम्ही काय करता, उगाळत बसता का वगैरे, आणि त्यानंतर १४ दिवसांनी, १७ ऑक्टोबर १९८९ ला, त्या भागात लोमा प्रीएटाचा मोठा भूकंप झाला. मग त्यांनी दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनी परत मोजलं. ज्यांना आधीपासून उगाळायची सवय होती त्यांच्यात डिप्रेशनची लक्षणं जास्त निघाली, भूकंपाआधीचा मूड हिशोबात धरूनही. भूकंप सगळ्यांना तोच होता. वाईट वाटणं सगळ्यांच्याच वाट्याला आलं असणार, पण ते किती मुक्काम करणार हे नंतर माणूस त्याच्याशी काय करतो यावर बरंच ठरलं.

"पण विचार तर करायलाच पाहिजे ना, विचार केल्याशिवाय सुधारणार कसं?" हा आपल्या मास्तर लोकांचा आवडता मुद्दा. त्याला माझं उत्तर सातपूर-अंबडच्या कारखान्यातलं आहे. तिथे ऑटो पार्ट बनवणाऱ्या कुठल्याही शॉपमध्ये रिजेक्शन आलं की 'फाइव्ह व्हाय' करतात, पाच वेळा 'का' विचारायचं. पार्टचं माप का चुकलं, तर फिक्श्चर, म्हणजे पार्ट घट्ट पकडून ठेवणारी चौकट, हललं. फिक्श्चर का हललं, तर बोल्ट सैल होता. बोल्ट सैल का, तर चेकलिस्टमध्ये तो पॉइंटच नव्हता. म्हणजे चेकलिस्टमध्ये घाला, फॉर्म भरा, सही करा, विषय संपला, पुढच्या शिफ्टला मशीन चालू. आता हाच 'का' रात्री दोन वाजता एका सतरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात बघा. मीच का असा आहे. सगळ्यांना जमतं मग मलाच का नाही. मी इतका मूर्ख का आहे. या प्रश्नाला फिक्श्चर नाही, बोल्ट नाही, त्यामुळे याला उत्तरही नाही, आणि उत्तर नाही म्हणून तो परत विचारला जातो. पाच वेळा काय, पाचशे वेळा.

एक्सेटर विद्यापीठातले एडवर्ड वॉटकिन्स यांनी हा फरक फार चांगला अभ्यासलाय. त्यांचं म्हणणं, एखाद्या त्रासाबद्दल परत परत विचार करणं नेहमी वाईट नसतं, तो विचार कसा आहे यावर आहे. मोघम, स्वतःच्या एकूण लायकीबद्दलचा, 'असं का' छापाचा विचार माणसाला बुडवतो. नेमका, घडलेल्या गोष्टीबद्दलचा, 'कसं झालं, आता पुढचं पाऊल काय' असा विचार सोडवतो. नोलन-होक्सिमांनीही २००३ मध्ये आपल्याच प्रश्नावलीचे दोन भाग पाडले होते, एक नुसतं कुढणं आणि दुसरं समजून घ्यायचा प्रयत्न, आणि पुढे जाऊन डिप्रेशन वाढवणारा भाग कुढण्याचा निघाला. म्हणजे ज्या शहरात हजारो माणसं रोज ड्युटीवर चुकीकडे कसं बघायचं हे उत्तम जाणतात, तीच माणसं घरी आल्यावर मुलाच्या गणिताच्या पेपरवर "तुझं लक्षच नसतं, तू असाच आहेस" म्हणतात. कारखान्यात कोणी म्हणत नाही की हे लेथ मशीनच बेकार, याची लायकीच नाही. प्रश्न नेमका विचारतात. घरी पण तेवढंच करायचंय हो. "पाचवं गणित कुठल्या स्टेपला अडकलं?" हे विचारणं आणि "असं कसं अडकलं?" हे विचारणं यात पोराच्या रात्रीचा फरक आहे.

या दोन गोष्टी जोडल्या कशा जातात ते नीट बघितलं पाहिजे, कारण नुसतं परफेक्शनिस्ट असल्याने कोणी लगेच आजारी पडत नाही. चूक सगळ्यांकडून होते. ज्याची किंमत चुकीवर टांगलेली नाही त्याच्या डोक्यात ती चूक दोन दिवस राहते आणि जाते. ज्याची टांगलेली आहे त्याला ती सोडता येत नाही, कारण त्याच्यासाठी ती केस अजून चालू आहे, आरोपी पण तोच आणि जज पण तोच. मग रात्र जाते, झोप जाते, दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये बोर्डाकडे बघतो पण डोक्यात शिरत नाही, पुढच्या टेस्टला अजून मार्क जातात, म्हणजे रात्रीसाठी अजून माल तयार. आणि मूड खाली गेला की आठवणी पण वाईटच वर येतात, सहावीत सगळ्यांसमोर सर काय बोलले होते ते सुद्धा. २००१ मध्ये स्पासोयेविच आणि ॲलॉय या दोघींच्या अभ्यासात असंच दिसलं होतं की स्वतःला सतत झोडणं आणि पुढे डिप्रेशन येणं यांच्यामधला दुवा हे उगाळणं आहे. २०१६ मध्ये १० दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा चुकीच्या धास्तीवाला परफेक्शनिझम पुढच्या डिप्रेशनच्या लक्षणांचा अंदाज देतो असं निघालं, माणूस मुळात किती काळजीखोर आहे हे वजा करून सुद्धा. परिणाम लहान होता. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण डिप्रेशनला एकच कारण कधी नसतं, घराण्यात असतं, जवळचं माणूस जातं, नोकरी जाते, बाळंतपणानंतर येतं, थायरॉइडने पण तशीच लक्षणं दिसतात. पण हा एक धागा असा आहे की जो आपण स्वतःच्या हाताने विणतोय, म्हणून त्याच्यावर बोलायचं.

आणि हे फक्त पोरांचं नाही. निफाड, दिंडोरीकडे कुठल्याही द्राक्षबागायतदाराशी बोला. एक्सपोर्टचा माल म्हणजे मण्याची साइज एकसारखी पाहिजे, रंग, गोडी, औषधांचे अंश, सगळं लॅबच्या रिपोर्टात बसलं पाहिजे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखायच्या औषधाच्या अंशामुळे युरोपात आपले कंटेनर अडकले होते ते अजून कोणी विसरलेलं नाही. तिथे परफेक्ट असणं ही हौस नाही, बाजाराची अटच आहे. पण गोडी छाटणी झाली, फुलोऱ्यात बाग आली आणि अवकाळी पाऊस पडला की घड कुजतात, डावणी रोग येतो, आणि मग बागेचे मालक नाना बांधावर बसून महिनोन्‌महिने तेच म्हणत राहतात, आठ दिवस आधी छाटणी घेतली असती तर, शेजारच्याची वाचली आपलीच कशी गेली, मीच चुकलो. पाऊस कधी येणार हे हवामान खात्यालाही नेमकं सांगता येत नाही, आणि नाना मात्र स्वतःला गुन्हेगार ठरवून मोकळे. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. शेतकऱ्याचं कर्ज हे विचारांचं दुखणं नाही, पैशाचं दुखणं आहे, त्याला विमा, भाव आणि कर्जाची सोय लागते, समुपदेशन हा त्याला पर्याय म्हणून कोणी पुढे करत असेल तर ते चूक आहे. पण कर्जाच्या वर जो 'मीच नालायक' असा बोजा माणूस स्वतः घेऊन फिरतो तो त्याला कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जाऊन बोलू देत नाही, बायकोला आकडा सांगू देत नाही. हा बोजा खरा आहे आणि तो हलका करता येतो.

बायकांचं तर वेगळंच. डिप्रेशन बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण दुप्पट आढळतं हे जगभर दिसतं, त्याची कारणं पुष्कळ आहेत, पण नोलन-होक्सिमांनी त्यातलं एक कारण उगाळण्याच्या सवयीत शोधलं होतं. मला त्यात बायकांच्या स्वभावापेक्षा त्यांच्या वाट्याला आलेल्या कामाचा दोष जास्त दिसतो. फराळाची चकली मऊ पडली, पाहुण्यांसमोर पोरगा उलट बोलला, ऑफिसच्या मीटिंगमुळे शाळेच्या गॅदरिंगला उशीर झाला, या प्रत्येकाचं खापर एकाच डोक्यावर, आणि उत्तर द्यायची मुभा नाही, मग ते आतल्या आत फिरणारच. मैत्रिणीशी बोलून हलकं वाटतं हे खरंच आहे, पण तिथेही एक खाच आहे. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये मुलामुलींच्या मैत्रीवर केलेल्या अभ्यासात दिसलं की दोघी मिळून तोच प्रॉब्लेम तासन्‌तास उगाळत बसल्या तर मैत्री घट्ट होते आणि डिप्रेशनची लक्षणंही जास्त दिसतात. म्हणजे बोला, नक्की बोला, पण फोन ठेवायच्या आधी "मग उद्या काय करतेस?" एवढं विचारून ठेवा.

आता आपण अशा माणसाला काय सांगतो ते बघा. विचार करू नकोस. सोडून दे. झालं गेलं गंगेला मिळालं. पॉझिटिव्ह राहा. हे सांगणाऱ्याचं प्रेम खरं असतं, यात शंका नाही, पण 'विचार करू नकोस' हा सल्ला चालत नाही हे डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्येच दाखवलंय, लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलं तर ते अस्वल डोक्यातून जाईना. विचार दाबून जात नाही, त्याला दुसरीकडे वळवावं लागतं. प्रयोगशाळेत उदास लोकांना आठ मिनिटं दुसऱ्या साध्या गोष्टींवर लक्ष द्यायला लावलं तर त्यांचा मूड जरा सुधारला, आणि आठ मिनिटं स्वतःबद्दल विचार करायला लावलं तर आणखी बिघडला. म्हणून आजी जे म्हणते ना, "जा, गंगेवर चक्कर मारून ये," (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) ते बरोबरच आहे. गोदापार्कला चाला, पांडवलेणी चढा, कणीक मळा, काहीही, पण शरीर कामाला लावा. त्याने प्रश्न सुटत नाही, डोकं थोडं वर येतं, आणि मग कागदावर नेमकं लिहायचं की झालं काय आणि उद्या सकाळी मी करणार काय. वॉटकिन्सनी उगाळण्यावरच वेगळी थेरपी तयार केलीये ती याच दिशेची आहे, आणि परत परत डिप्रेशन येणाऱ्यांसाठी सीगल, विल्यम्स आणि टीझडेल यांनी माइंडफुलनेसवर आधारित जी पद्धत आणली त्यातही विचार आला की त्याच्याशी न भांडता तो नुसता विचार आहे हे ओळखायला शिकवतात.

पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास आहे, कशातच गोडी वाटत नाही, झोप-भूक बिघडलीये, थकवा आहे, मी कोणाच्या कामाचा नाही असं वाटतंय, तर मग चक्कर मारून भागणार नाही. तिथे सायकिॲट्रिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडेच जायचं, आणि औषध दिलं तर घ्यायचं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी जायचं. आपल्या नाशिकला राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, अख्ख्या महाराष्ट्राच्या डॉक्टरांच्या परीक्षा म्हसरूळवरून चालतात, आणि याच शहरात सायकिॲट्रिस्टच्या दवाखान्यात जाताना लोक स्कूटर दोन गल्ल्या अलीकडे लावतात. निम्हान्स या बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्व्हेत दिसलं होतं की मानसिक आजार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांना, आजारानुसार, उपचार मिळतच नाहीत. परफेक्शनिस्ट माणूस यात आणखी मागे राहतो, कारण मदत मागणं हेच त्याला नापास होण्यासारखं वाटतं, तो हसतमुख राहतो, सबमिशन वेळेत देतो आणि कोणाला कळत नाही. बरं, दवाखान्यात पोचला तरी त्याची गाडी हळू चालते. अमेरिकेत डिप्रेशनच्या उपचारांची एक मोठी चाचणी झाली होती, १६ आठवड्यांची, त्यात दोन प्रकारच्या थेरपी होत्या, एक औषध होतं आणि एक औषध नसलेली नुसती गोळी होती. सिडनी ब्लॅट यांनी तो डेटा परत तपासला तर सुरुवातीला ज्यांचा परफेक्शनिझम जास्त होता ते चारही गटांत कमी सुधारले होते. म्हणून घरच्यांनी दोन महिन्यांत "अजून बरं नाही वाटत का?" असा तगादा लावू नये, त्या माणसाला बरं होणं पण पहिल्या नंबराने जमलं पाहिजे असं वाटत असतं.

आता सार्वजनिक प्रश्नाकडे येतो, कारण हे सगळं एकेकट्या घरावर ढकलून देणं मला पटत नाही. एनसीआरबी, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांमध्ये सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, १,७६४. यातल्या प्रत्येकामागे मार्कच होते असं म्हणणं खोटं ठरेल, आत्महत्येला एक कारण नसतं. पण म्हणून क्लासच्या दारावर दर रविवारच्या टेस्टनंतर नावासकट रँकची यादी लावणं, मार्कांवरून बॅच बदलणं, खालच्या बॅचच्या पोरांना वेगळे सर देणं, हे चालू ठेवायचं का? सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा सायकॉलॉजिस्ट पाहिजे, आणि मार्कांवरून बॅच पाडणं, चारचौघांत अपमान करणं, झेपणार नाही असं टार्गेट देणं शक्यतो टाळायचं, हे त्यात आहे आणि क्लासेसचा उल्लेख त्यात खास करून आहे.

क्लासवाले म्हणतात, पालकांनाच रँक पाहिजे असते, आम्ही यादी नाही लावली तर ते शेजारच्या क्लासला जातात. हे खरं आहे आणि म्हणूनच मी पालकांशी बोलतोय. ते पुढे म्हणतात की भीती नसेल तर पोरं अभ्यास करत नाहीत, आमच्या वेळी पण मार बसायचा, झालं का काही? झालं. आपल्याला ते दिसलं नाही, कारण तेव्हा त्याला नाव नव्हतं आणि शाळेतून गळालेली पोरं परत कुठे भेटलीच नाहीत. त्यातली काही पोरं पुढे आपल्याच नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून शिकली. १९८९ पासून हे विद्यापीठ याच शहरातून चालतंय, शेतावर, कारखान्यात, घरी काम करत करत लोक पस्तिशीत, चाळिशीत डिग्री घेतात. एका निकालावर माणसाचा हिशोब संपत नाही याचा एवढा मोठा पुरावा गंगापूर धरणाच्या रस्त्याला उभा आहे आणि आपण पोरांना तो कधी दाखवायला नेत नाही.

तर जूनमध्ये ॲडमिशनला जाल तेव्हा किती जण सिलेक्ट झाले हे विचाराच, त्याबरोबर समुपदेशकाचं नाव काय, आठवड्यातून किती तास बसतात, पोराला क्लासच्या सरांना न सांगता त्यांच्याकडे जाता येतं का, रँकची यादी दारावर लावता की ज्याची त्याला देता, आणि मार्क कमी आले तर बॅच बदलता का, हे पण विचारा. उत्तर लेखी मागा. एकट्याने विचारलं तर "बघू" म्हणतील, सोसायटीतल्या चार घरांनी मिळून एकाच आठवड्यात विचारलं तर त्यांना उत्तर तयार ठेवावं लागेल. आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६, मोफत आहे, मराठीत बोलता येतं, तो पोराच्या फोनमध्ये आजच सेव्ह करून द्या, तुमच्या स्वतःच्या फोनमध्येही.